फोटोत काही नव्हतं

छोटे,

ड्यूटीला निघालेय, तुला उठवलं नाही. पाय उशीवरच ठेव. बर्फ फ्रीजरमध्ये आहे. जिना उतरायचा नाही म्हणजे नाही.

काल सोनोग्राफीच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट फाटलंय. एक्स-रेत ते दिसत नाही, तिथे नुसती हाडं दिसतात. रोज एक्स-रे काढणारी मी, पेशंटना हेच सांगते. आणि तुझा एक्स-रेचा फोटो बघून मीच म्हणाले, "हाड शाबूत आहे, नाटकं पुरे." तीन आठवडे तुला त्याच पायावर पळवलं.

आई माझ्याच भरवशावर तुला बोलली, तिला मी सांगते. दमलेय गं, पण ते काही कारण नाही.

यापुढे तू दुखतंय म्हणालीस, तर फोटो मागणार नाही.

ताई