जुलैतली मोकळी जागा

सोमवार, ३ जुलै १९८९
प्रश्न लागला! तारांकित. १९ तारखेच्या यादीत, तोही वरच. कोळीवाड्यालगतची जागा सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॉलनीला द्यायचं घाटतंय, हे खरं का? बस, एवढाच प्रश्न. आमदार झाल्यापासून असा वर लागलेला पहिलाच. नाहीतर माझा नंबर येईपर्यंत प्रश्नोत्तराचा तास संपलेला असतो.

जनाबाईला निरोप धाडला. कोळणींची पुढारी आहे ती. मी म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शिकवायचे तेव्हापासून कांदिवलीला आमच्या दारावर मासळी घेऊन येते. प्रचारात रिकामी टोपली डोक्यावर घेऊन "ताईला मत द्या" ओरडत गल्लीबोळ फिरली होती. त्या जागेवर यांचे बोंबील वाळतात. जागा गेली तर धंदा बसला. मग काय डांबरी रस्त्यावर वाळवायचे?

गुरुवार, ६ जुलै
साहेबांनी बंगल्यावर बोलावलं. आमच्या पक्षाचं तिकीट कुणाला द्यायचं ते साहेबच ठरवतात, त्यामुळे जावंच लागतं. चहा, चकल्या, "मिस्टर काय म्हणतात?" एवढं गोड बोलायला लागले की समजावं, काहीतरी मागायचंय.

मग मुद्दा. "१९ला जरा उशिरा या. प्रश्न पुकारला आणि सदस्य जागेवर नाही, विषय संपला. कुणाला वाईटपणा नको."
"आणि मी असले जागेवर तर?"
"निवडणूक पुढच्याच वर्षी आहे ना?" म्हणाले आणि चकल्यांची बशी पुढे सरकवली.

काय नवीन नाही हे. प्रश्न पुकारायची वेळ आली की बरोब्बर कुणी कँटीनमध्ये असतो, कुणाला घरून फोन येतो. आम्ही मागच्या बाकांवरचे हसतो त्यांना. आता माझी पाळी. हसा लेको.

रविवार, ९ जुलै
जागा बघून आले. चपलांची वाट लागली. गवत, चिखल, दोन बकऱ्या, बाकी सगळं मोकळं. होड्या वर ओढून नारळीच्या झापांनी झाकलेल्या. बोंबील टांगायचे बांबू उपटून घराघराच्या मागे रचलेत. पावसात मासेमारी नाही, मग वाळवणार काय? हिवाळ्यात इथे बांबूंच्या ओळीच ओळी असतात, बाई वाकून चालते तेव्हा कुठे वाट मिळते. वास तर आमच्या ऑफिसपर्यंत.

जनाबाईने सुक्या बोंबलाची चटणी बांधून दिली. साहेबांचं तिला काही बोलले नाही. बोलून करणार काय होती बिचारी?

मंगळवार, १८ जुलै
उद्या.

हे ट्रॉम्ब्याहून, कामावरून दमून आले. दोन बस बदलून येतो माणूस, आणि मी दारातच सुरू. "तुला जायचं तर जा, नाही तर नको जाऊस. पण आधी मला चहा दे गं." मग चहा पिताना स्वतःच म्हणाले, "आमदारकी गेली तर तुझं काय होईल, त्याचा विचार कर. माझं काही नाही. तुझं."

खरंय. मला आवडते ही आमदारकी. इथे कशाला खोटं लिहू? वेंगुर्ल्याहून आलेल्या गिरणी कामगाराची मुलगी मी, आणि मी आत शिरले की कलेक्टर कचेरीत माणसं उठून उभी राहतात. शाळेत हेडमास्तर बस म्हणायचे नाहीत. पायऱ्यांवर गर्दी असते, "ताई, माझं एवढं काम", आणि त्यातलं निम्मं तरी होतं. हे सगळं सुटलं तर मी घरात बसून काय करू? यांच्या डब्याला पोळ्या?

बुधवार, १९ जुलै
तास सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसले. साहेबांनी पुढच्या बाकावरून एकदा मागे वळून पाहिलं. मी टेबलावरचे कागद नीट लावले. आधीच नीट होते.

पुकारलं. उठले. मंत्र्यांनी वाचलं, "जागा मोकळी आहे. प्रत्यक्ष पाहणी झालेली आहे." ते खाली बसायला लागले. मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, पाहणी कोणत्या महिन्यात केली?"

मंत्री अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघतात, चिठ्ठी येते. "गेल्या वर्षी जुलैमध्ये."

"अध्यक्ष महाराज, जुलैमध्ये सूर्यसुद्धा दिसत नाही, बोंबील कुठून दिसणार?"

हशा! विरोधकांनी तर बाकं वाजवली. अध्यक्षांनी मंत्र्यांना विचारलं, पुन्हा पाहणी करणार का? "करू." नोंद झाली. मी खाली बसले.

कँटीनमध्ये आमच्यातलं कुणी टेबलाला आलं नाही. एकटीने दोन बटाटेवडे खाल्ले. झकास लागले.

शुक्रवार, २८ जुलै
पाहणीची तारीख आली. १० ऑगस्ट. मी कॅलेंडर काढलं. नारळी पौर्णिमा १७ला, आणि होड्या त्यानंतरच दर्यात जातात! म्हणजे १०लाही गवत आणि बकऱ्याच. आता "पुन्हा पाहिली, मोकळीच आहे" असं सभागृहात छाती काढून सांगतील. माझ्याच प्रश्नाने त्यांच्या कागदावर शिक्का बसणार.

खात्यात जाऊन गेल्या हिवाळ्यातले फोटो दाखवले. अधिकारी म्हणाला, "मॅडम, फोटो काय, वसईचा पण असेल." थोबाडीत द्यावीशी वाटली.

बुधवार, २ ऑगस्ट
स्वतःवर खूश होऊन कोळीवाड्यात गेले. म्हटलं सोपं आहे, एक दिवसापुरते बांबू उभे करा, दोरीवर घरातले सुके बोंबील लटकवा, साहेबलोक बघतील, जातील. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. जनाबाई म्हणाली, "नाय ताई. दर्याला नारल दिल्याबिगर बांबू नाय रवायचा."

"अगं एक दिवस! नाटक समज."
"नाटकच नाय करायचा ना. आमचे धनी त्याच दर्यात जातान."

डोकं फिरलं माझं. "मी तिकडे स्वतःचं वाटोळं करून घेतेय आणि तुम्हाला सात दिवस आधी चार बांबू रोवायला जड होतंय?" ओरडलेच. जनाबाई खाली बघत राहिली. तिचा नवरा वादळात गेला, परत आला नाही, हे मला ठाऊक असून मी हे बोलले. गाडीत बसल्यावर लाज वाटली. आणि राग गेला नव्हता तो नव्हताच.

शनिवार, ५ ऑगस्ट
साहेबांकडे आपणहून गेले. तारीख पुढे ढकला म्हणून. आज चकल्या नव्हत्या.

"ढकलतो की. महिनाभर ढकलतो. होड्या जाऊ देत, बोंबील येऊ देत, भरलेली जागा बघू देत त्यांना. त्यात काय?" एवढ्या पटकन! मग पुढचं. "आमच्या जावयांना तुमच्या मतदारसंघात काम करायची फार इच्छा आहे. तुम्ही आपणहून थांबता आहात, तब्येतीच्या कारणाने, असं जाहीर केलंत तर बरं दिसेल. सोमवारी सकाळी सांगा. मी तुमच्यासमोरच खात्यात फोन लावतो."

तब्येतीला काय धाड भरलीय माझ्या?

घरी यांना सांगितलं. यांनी विचारलं, "तिकिटाशिवाय उभी राहिलीस तर?" पडेन, म्हटलं. आणि तारीख १०च राहील, जागा जाईल, ते वेगळंच. हो म्हणावं तर निदान जागा तरी राहील. बहुतेक. त्यांच्या शब्दाचा भरवसा धरायचा तर. वर जावई उद्या निवडून आला की तो काय बोंबील बघत बसणार आहे?

यांनी माझ्या ताटात वाढलं. कधी वाढत नाहीत. मला रडूच आलं.

रविवार, ६ ऑगस्ट
सकाळी जनाबाई दारात. टोपली नाही, इस्त्रीचं पातळ, मागे चौघी जणी. मला वाटलं भांडायला आल्यात. म्हटलं, या, त्या दिवशी मी फार बोलले. "त्या सोड गो," म्हणाली. जमातीची बैठक झाली म्हणे. बांबू पुनवेआधी नाहीच, पण दहा तारखेला सगळ्या बायका जागेवर बसून राहणार, बघू कोण मोकळी बोलतो.

तेवढ्याने होणार नाही हे मला दिसत होतं. अधिकारी लिहील, "काही महिला बसलेल्या आढळल्या." बोलले नाही.

चहा झाला. उठताना तिने माझा हात धरला. "आनि आयक. बैठकीत ठरलंय. पुढच्या विलेक्शनला कोलीवाडा तुला. तू हायस ना उभी? तुझ्याबिगर कुनाला मत नाय जायचा आमचा."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी हो म्हटलं.

उद्या सकाळी दहा वाजता साहेबांकडे जायचंय.