वेशीपाशी गाडी थांबते

१९ जानेवारी
काल शीतलची पाठवणी. समोरच्या गौतमकाकांची पोर. नेहमीसारखी आप्पांची अँबॅसिडर, नेहमीसारखे आप्पाच चालवायला. उतार संपतो तिथं वेशीपाशी गाडी थांबवायची, नवरीनं भोंगा वाजवायचा, मग पुढं. काल गाडी थांबलीच नाही. थेट पारावर. बँडवाला ढोलासकट बाजूला पडला म्हणून वाचला. शीतल रडत होती, ती घाबरून रडायचीच थांबली.
आप्पा सगळ्यांना एकच सांगत होते, "ब्रेक लागलाच न्हाई." लोक म्हणाले, जुनी गाडी, ड्रमचे ब्रेक, व्हायचंच. मीही तेच म्हणाले.
बंपर वाकलाय. आप्पा जेवले नाहीत.
एप्रिलमध्ये प्रज्ञाचं लग्न. माझ्या पोरीचं. सारखं तेच डोक्यात.

२० जानेवारी
प्रज्ञाचा पुण्याहून फोन. म्हटलं, तुझ्या वेळी भाड्याची गाडी सांगू. उसळलीच. "अख्ख्या गल्लीच्या पोरी त्या गाडीतून गेल्या, अन् आजोबांची नात भाड्याच्या गाडीत? मला आजोबाच पाहिजेत."
तिचं चूक नाही. आप्पांच्या आजीच्या पाठवणीची बैलगाडी गाववाल्यांनी वेशीतून जाऊ दिली नव्हती, ओढ्यातून फिरून न्यावी लागली. म्हणून तर आप्पांनी मास्तरकीच्या पगारातून ही सेकंडहँड गाडी घेतली आणि टेंभुर्णीतली आमची प्रत्येक पोर वेशीतच थांबवली. मीही थांबले होते. भोंगा इतका वेळ दाबून धरला की आप्पा म्हणाले, "बस कर, ब्याटरी उतरंल."
हे गेल्यावर मी माहेरी परत आले तीही याच गाडीतून. तेव्हा थांबलो नाही.
गाडी मलाही येते, त्यांनीच शिकवली. पण नवरी घेऊन त्यांच्याशिवाय कुणी चालवली नाही, तो विषयच नाही घरात.
संध्याकाळी त्यांना म्हटलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक करून घेऊ. "बघ बाई तुझं," म्हणाले. म्हणजे नाराज.

२७ जानेवारी
काल झेंडावंदन, आज रजा टाकली. गाडी नवीन जालन्यात जावेद मिस्त्रींकडे पोचवली. मी चालवत, आप्पा शेजारी, रस्ताभर माझे गिअर दुरुस्त करत.
ते चहाला गेले तेवढ्यात मिस्त्रींनी ड्रम उघडले. "ताई, लायनर बराबर हैत. कुठं गळती न्हाई. ब्रेक तं चांगला हाय. मंग बदलून कशाला राह्यले?"
मी म्हटलं, "तरी बदला."
मिस्त्रींनी ड्रममधली काळी धूळ झटकली. "तुमची मर्जी."
येताना मला ब्रेक व्यवस्थित लागत होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. आप्पांना तर नाहीच.

३ फेब्रुवारी
नववीचे पेपर तपासायचे पडलेत.
सकाळी अंगणात आप्पांची उजवी चप्पल. एकटीच. आप्पा कोपऱ्यावरच्या टपरीवर पेपर वाचत, एका पायात चप्पल, एक अनवाणी. नेऊन दिली तर म्हणाले, "आरं, निघाली व्हय?" पायाकडे बघितलं नाही, पेपरच वाचत राहिले. आधीही झालंय हे.
साखर जुनी आहे त्यांची. पायाला मुंग्या येतात म्हणायचे. हल्ली म्हणत नाहीत. मला वाटलं, बरं वाटतंय.
पुढचं लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी
नंतरच्या अँबॅसिडरला पुढं डिस्कच यायची. ते सामान मिस्त्रींनी संभाजीनगरच्या भंगारातून शोधून आणलं. आज आप्पांना घेऊन बघून आले. चाकामागं ताटाएवढी लोखंडी चकती, तिला दोन्हीकडून आवळणारा कॅलिपर. ड्रम कोपऱ्यात पालथे पडलेले, आप्पांनी एकाला उगाच हात लावला.
मास्टर सिलिंडरवर गाडी अडली. पायाचा दाब चाकांपर्यंत नेतो तो. आप्पा म्हणाले, "तो माझ्या हातानं बसवलेला हाय. तो न्हाई काढायचा." मिस्त्री त्यांच्याशी गुरुजी म्हणून बोलतात. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग "बरं गुरुजी."
मला त्यातलं काय कळतं?

२२ फेब्रुवारी
गाडी घरी आणत होतो. अर्ध्या रस्त्यात जळका वास. चाक इतकं तापलेलं की बाटलीतलं पाणी ओतलं तर चर्र झालं.
आप्पांचा चेहरा फुललेला. कितीतरी दिवसांनी. "बघ. सांगत होतो न्हाई? ही तुझी डिस्क."
मिस्त्रींना फोन केला. म्हणाले, "जुना मास्टर पाय काढला तरी थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला तो चालतो, आत स्प्रिंग असते. डिस्क तशीच आवळून राहती." मग हळूच, "मला माहीत होतं ताई. गुरुजींचं मन मोडवंना."
मी भडकले. "मन मोडवत नाही म्हणून चाक पेटवायचं का?"
फोन ठेवला आणि माझंच बोलणं माझ्या कानात. मी तरी काय करतेय दुसरं?

९ मार्च
नवा मास्टर बसला, पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही. पेडल एकदम हलकं. मला तर आवडलं, नुसता पाय टेकवला की गाडी उभी. मनातल्या मनात म्हटलं, झालं, सुटले.
रविवार म्हणून शाळेचं मैदान मोकळं. फक्कीची रेघ मारली. आप्पांनी रेघेवर थांबवायची. पहिल्यांदा इतकी कचकन थांबली की माझं कपाळ काचेवर जाता जाता राहिलं. दुसऱ्यांदा थांबलीच नाही. रेघ गेली, खो-खोचा खांब गेला. मी हँडब्रेक ओढला.
आप्पा स्टिअरिंग धरून बसले. "पायाला काय कळंनाच, सुमे. पयलं कसं, मांडीपस्तोर जोर लागायचा, तवा समजायचं दाबला म्हणून. हे तं हवाच हाय."
म्हणजे इतकी वर्षं ते मांडीनं गाडी थांबवत होते. पाय कधीच गेलेला. तो जड ब्रेक हाच त्यांचा आधार होता आणि तोच मी हौसेनं काढून टाकला. आगीतून फुफाट्यात.
घरी आल्यावर खूप रडले. मोरीत, नळ सोडून.

११ मार्च
त्यांना जाफ्राबादला डॉक्टरांकडे नेलं. डोळे मिटायला सांगितले आणि तळपायाला कापूस लावला. "आजोबा, कळलं की सांगा." कापूस लावून झाला, काढला, परत लावला. आप्पा डोळे मिटून एखाद्या शहाण्या पोरासारखे वाट बघत होते. मग म्हणाले, "लावा की आता."
डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. आप्पा एसटीत म्हणाले, "नवा दिसतो डॉक्टर."

१६ मार्च
आज झालंच.
जेवताना आप्पा म्हणाले, "जुने ड्रमच बसवू परत. मिस्त्रीला फोन लाव. मला तेच बराबर येतात."
म्हटलं, "आप्पा, ड्रम तेव्हाही चांगले होते. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला. पाराला गाडी लागली ती ब्रेकमुळं नाही."
घास हातात तसाच. "मंग इतके दिवस गाडी कशाला खोलून राह्यलीस?"
उत्तर इथं वहीतच लिहिते. तुमचा पाय गेलाय म्हणण्यापेक्षा गाडीचा ब्रेक गेलाय म्हणणं सोपं होतं, आप्पा. मला तुमची भीती नव्हती. तुम्ही माझ्यादेखत म्हातारे व्हाल याची होती.
आप्पा ताट सरकवून उठले. जाताना दाराशी चप्पल घातली, नीट वाकून, हातानं बघून. म्हणजे त्यांनाही माहीत आहे.

२८ मार्च
माझ्याशी बोलणं बंद. बाकी सगळ्या गावाशी चालू. किल्ली माझ्या कपाटात आहे, त्यांनी मागितली नाही, मी दिली नाही. गाडी मात्र रोज पुसतात. बंपर ठोकून सरळ करून आणला.
प्रज्ञा आली. सगळं सांगितलं. आधी रडली, मग म्हणाली, "आजोबा चालवणार नसतील तर मी वेशीपर्यंत चालत जाईन." मी म्हटलं, जा. मग दोघी रडलो.

२ एप्रिल
धीर करून बोलले. "मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."
"आईनं लेक सासरी पोचवायची? लोक काय म्हणतील?"
"वेशीत गाडी थांबवायचात तेव्हा लोकांना विचारलं होतं का?"
आप्पा फडकं घेऊन गाडीकडे गेले. मला वाटलं आता बोलणं कायमचंच बंद. पण दिवेलागणीला अंगणातून आवाज आला, "सुमे, उतारावर गिअर कोणता ठेवायचा, ध्यानात हाय का?"
"दुसरा."
"हं."
परीक्षा घेतली, की गाडी दिली? की फक्त मास्तरकी? विचारायला हवं होतं.

६ एप्रिल
विधी नीट पार पडला. प्रज्ञा पांढऱ्या साडीत, वंदना म्हणताना आवाज जराही कापला नाही. माझाच कापला. जेवणं चाललीत. गाडी दारात उभी, झेंडूच्या माळा घातलेली. वेशीत आतापासून गर्दी, पोरं पाराला लटकलेली, बँडवाला तोच.
किल्ली घ्यायला वर आले. येताना जिन्यात आप्पांची उजवी चप्पल सापडली. ती उचलून आणलीय. वही काढली, कारण लिहिलं की धीर येतो.
खालून प्रज्ञाची हाक. "आई, चल ना! आजोबा गाडीत जाऊन बसले!"
स्टिअरिंगच्या बाजूला की शेजारी, ते वरून दिसत नाही. मांडवाचं कापड आड येतंय.
एका हातात किल्ली, एका हातात चप्पल. जाते.