कंपनीचा अर्थ

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ताट पुढ्यात आलं की माझा हात अजून क्षणभर थांबतो. तुम्ही विचाराल त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, हा खासबागेतल्या आपल्या घरातला तुमचा नियम. शाळेत तुम्ही इंग्रजीचे मास्तर होतात, घरी त्याहून जास्त. मला अर्थ पाठ व्हायचे, माझ्याहून थोरल्या अण्णाला व्हायचे नाहीत. तो चुकला की तुम्ही आईला नुसती खूण करायचात आणि ती त्याच्यासमोरचं ताट उचलायची. तुम्ही आमटी भुरकत राहायचात. माणूस इतका कोरडा कसा असू शकतो, हे मला आजही कळत नाही.

मॅट्रिकला नापास झाल्यावर तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत लागला आणि लढाई पेटल्यावर पलटणीत भरती झाला. समुद्रापार जायच्या आधी एका दुपारी तो घरी जेवायला आलाय. अंगावर खाकी, चेहरा भरलेला. आईनं भरलं वांगं केलंय. तो भाकरी मोडतो आणि तुम्ही विचारता, "कंपनी म्हणजे काय?"

तो हसतो. त्याला थट्टाच वाटते. "आमी ज्यांच्यासंगं जेवतोय, निजतोय, ती माणसं, आप्पा. लई चांगली हाईत."

"चूक. मेजर नाहीतर कॅप्टनच्या हुकमाखालची पायदळाची तुकडी. व्यापारी मंडळी हा दुसरा अर्थ, सोबत हा तिसरा. ज्या तुकडीत मरायला चाललास, तिचा अर्थ ठाऊक न्हाय?"

तुम्ही खूण केलीत.

"आज नगो वो," आई म्हणाली. "लांब चाललंय लेकरू."

"उचल."

तिनं उचललं. अण्णानं हातातला तुकडा त्याच ताटात ठेवला, हात धुतले, तुमच्या पाया पडला. मी दारापर्यंत धावले तर म्हणाला, "तू जेव जा गं."

तो परत आला नाही. तार आली तेव्हाही तिच्यातलं इंग्रजी तुम्ही आईला शब्दशः समजावून सांगितलंत.

पुढं मीही मास्तरीण झाले. शाळेतल्या जाड कोशात त्या शब्दाचं लॅटिन मूळ सापडलं: सोबत भाकरी खाणारे. कोश घरी आणून तुमच्यापुढं उघडला. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, "परीक्षेत मूळ विचारत न्हाईत." त्या दिवसापासून मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही गेलात त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणला आणि दोन घास तरी खा म्हणाल्या. मी पोटभर जेवले, आप्पा. भात संपला तसा आणखी मागितला. तो आईनं वाढला, आणि मग स्वतःलाही घेतला.