धरमसिंगची गाय

कारंजा,
३ एप्रिल १९७५

चि. बापूरावास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. तुझ्या गिरजाची दाढ एकदाची निघाली हे वाचून बरं वाटलं. इथे ऊन तापायला लागलं आहे, नळाला दिवसाआड पाणी येतं. बाकी मी ठणठणीत आहे. किती ठणठणीत, ते पुढच्या ओळीत कळेल. आधी खाली बस.

काल मी सायकल काढली.

आता तू ओरडशील, "ताई, काशीले सोडली नं तू?" तर ऐक. मी सोडली नाही. तू सोडलीस. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची, हा रिवाज मला ठाऊक आहे. त्या पंड्यानं विचारलं तेव्हा गिरजानं रामफळ सोडलं, जे तिला कधीच आवडलं नाही. तू पडवळ सोडलंस, जे बघूनच तू लहानपणी ताटावरून पळायचास. मी कारलं म्हणणार होते. तेवढ्यात तू माझ्या खांद्यावरून वाकून कोर्टात पुकारा करावा तसा ओरडलास, "हमारी दीदी साइकिल छोड़ती है!" पंडाही थबकला. फळ नाही, भाजी नाही, साइकिल! मग म्हणाला, "चलेगा," आणि माझ्या तळहातावर पाणी ओतून मोकळा झाला. चौतीस वर्षं मी मुलींना शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून, आणि साठाव्या वर्षी माझ्या वतीनं कुणी दुसराच संकल्प सोडतो! त्या थंडीत मी गप्प राहिले. का राहिले, ते नंतर सांगते.

आधी कालचं सांगू दे, नाहीतर माझ्या पोटात दुखेल.

पहाटे दारव्हा वेशीतून बाहेर पडले. वेशीपाशी दूधवाला माणिकराव म्हणाला, "बाई, निघाल्या का? लय दिवसानं!" मी घंटी वाजवली, बास. पुढे डांबरी रस्ता सोडला आणि गाडीवाटेनं टेकड्यांकडे वळले. मुरूम, दगड, बैलगाड्यांच्या खोल चाकोऱ्या. चाकोरीत चाक गेलं की सायकल आपली राहत नाही, म्हणून मधल्या उंचवट्यावरून चालवायची. चढावर उतरून ढकलायची, धापा टाकायच्या, लुगड्याचा काष्टा पुन्हा खोचायचा आणि माथ्यावरून सुटायचं! बापूराव, पाच महिन्यांनी तो वारा कानात शिरला आणि मी एकटीच मोठ्यानं हसले. दोन तितर उडाले.

आणि मोह! सगळ्या टेकड्यांवर मोह गळतोय. झाडाखालची जमीन जाळून काळी केलेली, तिच्यावर पिवळसर फुलांचा सडा. बायापोरं टोपल्या घेऊन वेचताहेत. वास असा गोड, जड, की नुसत्या श्वासानं डोकं हलकं व्हावं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर क्लेमेंस त्यांच्या गावाविषयी सांगायच्या: जुनं तटाचं गाव, वेशी, बाहेर टेकड्याच टेकड्या, सगळीकडे द्राक्षाचे मळे, घरोघर दारू गाळायची आणि त्या लहानपणी सायकलवरून त्यातून भटकायच्या. सांगताना रडायच्या. मला तेव्हा वाटायचं, असं गाव नशिबात पाहिजे. काल तिसऱ्या टेकडीवर उभी राहून मागे पाहिलं. तटाचं गाव आहे, वेशी आहेत, टेकड्या आहेत. द्राक्षं नाहीत, मोह आहे. आणि गाळतातही घरोघरच. मुख्याध्यापिका होते तेव्हा मला हे दिसत नसे.

तिथून मी बंजाऱ्यांच्या तांड्यावर उतरले. कशाला, असं तू विचारशील. रुखमाबाईच्या गुडघ्याला तेल द्यायचं होतं. फार दिवसांची सांगितलेली होती तिची बाटली.

तेलाचं खोटं आहे. बाटली मी नेली होती, पण तेलासाठी नव्हते गेले. ती धरमसिंगची बायको. मी धरमसिंगकडे गेले होते.

कार्तिकात मी त्या तांड्याजवळच्या उतारावर सायकलवरून पडले तेव्हा तू वाशीमहून रात्रीच्या गाडीनं आलास. अकरा दिवस दवाखान्यात माझ्या खाटेशी बसलास. गिरजा सांगते, तू तिथे काशीचा नवससुद्धा बोललास. मला भात भरवलास. मी शुद्धीवर आले तेव्हा तू विचारलंस, "ताई, झालं काय?" आणि दारात धरमसिंग उभा होता. त्यानंच मला नाल्यातून उचलून आपल्या बैलगाडीत घातलं होतं, नऊ मैल आणलं होतं, त्याच्या धोतरावर माझं रक्त होतं. मी त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "याची गाय आडवी आली."

गाय नव्हती, बापूराव. कुणीच आडवं आलं नव्हतं. मी उतारावर दोन्ही हात सोडले होते. हँडल सोडून, पंख पसरल्यासारखे. साठ वर्षांची बाई! शाळेत एकीनं असं केलं होतं तर मी तिला दोन तास वर्गाबाहेर उभी केली होती. हे तुला सांगायची मला लाज वाटली, आणि तोंडाला आलं ते मी बोलले. पुढच्या बाजारात तू त्या माणसाला चारचौघांत बैमान म्हणालास, हे मला महिन्यानं कळलं. तरी मी गप्पच. काशीला तळहातावर पाणी पडलं तेव्हा मनात म्हटलं, लीले, हीच तुझी शिक्षा, घे. म्हणून तोंड उघडलं नाही.

काल त्याला सगळं सांगितलं. तो मोहफुलं वाळत घालत होता. ऐकून त्यानं ओंजळीतली फुलं खाली ठेवली.

"बाई," तो म्हणाला, "मले गायच नाही."

"म्हणजे?"

"मायाजवळ बकऱ्या हायेत. दोन बैल हायेत. गाय कवाच नव्हती. मी तुमच्या भावाले तेच सांगून राह्यलो होतो, साहेब, गाय नाही. तं ते म्हणे, गाय नाही तं आडवी आली कशी?"

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही. कोर्टातला माणूस शोभतोस खरा! आतून रुखमाबाई म्हणाली, "हसता काय, बाई? तांड्यावर याले आता समदे गायवालाच म्हंतात. पोरगी पाहाले पाव्हणे आले, तं त्यायनंबी इचारलं, गाय कुठी हाय म्हणून."

"मग तुम्ही मला येऊन विचारलं का नाही, धरमसिंग?"

"काहून इचारू? तुमी बिमार होत्या. मले वाटलं, डोस्क्याले मार लागला, दिसली असंन गाय." मग पुन्हा फुलांना हात घालत म्हणाला, "पर भावानं बैमान नव्हतं म्हणाले पाह्यजे."

त्याला राग माझा नव्हता. तो माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं.

रुखमाबाईनं पेला दिला. त्यात काय होतं ते विचारू नकोस, तू सरकारी नोकर आहेस. परतताना त्याच उताराला लागले. हात पुन्हा सुटायला बघत होते, खरं सांगते. मी हँडल घट्ट धरून खाली आले, आणि तरीही तेवढीच मजा आली.

आता माझं म्हणणं. सायकल मी सोडणार नाही. तुझी भीती मला कळते. आई गेल्यावर तुला मीच उरले आहे, हे न बोलताही कळतं. पण भीती तुझी आणि पाणी माझ्या हातावर, हे चालायचं नाही. रागव, पण माझ्यावर रागव, खऱ्या कारणासाठी.

येत्या बाजाराला धरमसिंग बकऱ्या घेऊन येणार आहे. जिथे तू त्याला बोललास, त्या धान्याच्या ओट्यापाशीच मी उभी राहून मोठ्यानं सांगणार आहे, की गाय नव्हती आणि खोटं माझं होतं. लोक हसतील. अर्धी बाजारपेठ माझ्या विद्यार्थिनींच्या घरची आहे, चांगल्याच हसतील. तू नाही आलास तरी मी सांगणार. पण बैमान हा शब्द तुझ्या तोंडचा आहे, तो मला परत घेता येत नाही. त्याला तूच लागशील.

बाजाराच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ये. स्टँडवर मी असेन.

तुझ्या हातचा अकरा दिवस भात खाऊन तुझ्याशीच खोटं बोललेली,
तुझी ताई
लीला