आधी घरच्यांनी घ्यायचं

३ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ. वि.

सांधेदुखीच्या चूर्णाचे दोन डबे पाठवतोय. परवान्याला तुमच्या प्रयोगशाळेचा दाखला लागतो म्हणे. आजोबांच्या औषधाची परीक्षा आता पांढरे उंदीर घेणार, कलियुग दुसरं काय! जुनी मुळी मिळेना, म्हणून तिच्याच जातीची दुसरी घालतोय. पण आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. रोग्याच्या आधी घरच्यांनी घ्यायचं. तुझी वहिनी दीड वर्ष रोज चमचाभर घेतेय आणि जिने धावत चढते. दुकानात मी तिच्याकडेच बोट दाखवतो.

वेळेवर जेवत जा. आमच्यावर आहे ती माया राहू दे.

तुझा
दादा

१४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुला आवडणार नाही. नव्वद दिवस रोज सकाळी एकेक उंदीर हातात धरून मी नळीने चूर्ण त्यांच्या पोटात घातलं. वरून सगळे धडधाकट होते, मीही मनात खूश होते. परवा उघडून पाहिले. माणसाच्या मात्रेएवढं दिलेल्यांचीसुद्धा मूत्रपिंडं आक्रसली आहेत. नुसतं पाणी दिलेल्यांची ठणठणीत आहेत. दहा उंदीर औषध बंद करून मागे ठेवलेत, ते सावरतात का ते महिन्याने पाहायचं.

रागाव हवं तर, पण वहिनीचं चूर्ण आजच बंद कर आणि तिचं रक्त तपासून घे. मला फार भीती वाटतेय.

तुझी
चिमी

२६ मे

चि. चिमीस,
आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर जळफळलो. शिकून शहाणी झाली आणि घरावरच उलटली, असं वहिनीला म्हणालो. तिने पाय पुढे केले. बोटाने दाबलं तर खळगा पडला. तीन महिने सूज येतेय म्हणे. सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाली की तुम्ही चारचौघांत माझं उदाहरण देता, मग कुठल्या तोंडाने सांगू.

रक्ताचे आकडे डॉक्टरांनी दोनदा पाहिले आणि खुर्ची पुढे ओढून आम्हाला बसायला सांगितलं. चूर्ण जाळलं. रोग्यांच्या दारोदार जाऊन पुड्या परत आणतोय.

तुझे ते दहा उंदीर कसे आहेत? वहिनी रोज विचारते.

दादा

१५ जून

ती. दादास,
सा. न.

दहाही जण नीट खात होते, पिंजऱ्यात खेळत होते. प्रयोगशाळेच्या सरांकडे मी आणखी एक आठवडा मागितला, त्यांनी दिला नाही. आज उघडले. एकाचंही सुधारलेलं नाही, सातांचं आणखी बिघडलंय. आधी तुला खोटं लिहिलं होतं, तो कागद फाडला. वहिनीला मोठ्या रुग्णालयात ने, उद्यावर टाकू नकोस. मी शनिवारी पोचते. तोवर मला परकी समजू नकोस.

तिने विचारलं तर उंदीर मजेत आहेत म्हणून सांग. आज सकाळी नऊपर्यंत ते खरंच होतं.

तुझी
चिमी