नऊ नंबरची कुंडी

१६ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून खाली आलो. मंगलला म्हटलं, टाकीमागचा झेंडू पिवळा पडायला लागलाय, उपटून टाकू का?

ती पलंगावर कुशीवर होती. "त्याला हात लावू नका."

मग थोड्या वेळाने, "झेंडू नाहीये तो."

गांजाचं झाड आहे. मंगलने लावलेलं. शिवरात्रीला शेजारच्या हंसाबेननी भांगेची थंडाई दिली होती. केमोनंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा सलग झोपली होती, हे मलाही आठवतं. त्या भांगेच्या चोथ्यात चार बिया निघाल्या. एक उगवली. गणपतीपर्यंत ती स्वतः जिना चढत होती, सगळं बघत होती. आता पाठीच्या मणक्यात दुखणं उतरलंय, चढवत नाही. म्हणून मला सांगितलं. नाहीतर सांगितलंच नसतं.

पंधरा दिवस मी पाणी घालतोय त्याला. शिक्षक माणूस.

चहा टाकला.

१७ सप्टें.

नाव लिहायचं नाही असं ठरवलं. वहीतसुद्धा. गच्चीवर तिच्या आठ कुंड्या आहेत, गुलाब, मोगरा, शेवंती वगैरे. ही नववी. कुंडी कसली, निळा ड्रम अर्धा कापलेला. नऊ नंबर म्हणायचं. (कालचं पान फाडावं का?)

रिटायरमेंटला पावणेदोन वर्षं. झाड लावणंच गुन्हा आहे. कोणी बघितलं तर शाळेत, इथे आमच्या गोडादऱ्यात, गावाकडे... मोबाईलवर शोधायलाही भीती वाटली.

मं.ला म्हटलं, उपटतो. म्हणाली, "उपटा. मग मला सकाळी उठल्यावर दुखेल तेव्हा काय द्याल ते सांगून ठेवा."

गोळ्यांचं नाव घेतलं. गोळ्यांनी उलट्या होतात, हे मीच डॉक्टरांना दोनदा सांगितलंय.

२० सप्टें., शनिवार

सकाळची शाळा. दुपारी मं.ने बसवून घेतलं. तपासणी.

"पिवळी पडलीत ती पानं खालची की वरची?"

बघितलं नव्हतं. वर गेलो, खाली आलो. खालची आणि मधली.

"सगळं पान पिवळं की शिरा हिरव्या आहेत?"

परत वर. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. माशाच्या काट्यासारखं दिसतं. फुलं येऊ लागलीत, शेंड्यावर पांढरे केस फुटल्यासारखे.

"मॅग्नेशियम कमी पडतंय," मं. म्हणाली. कितीतरी दिवसांनी आवाजात जोर होता. "फुलावर आलं की झाड खालच्या पानांतलं काढून वर नेतं. सगळंच पान पिवळं झालं असतं तर युरियाचं बघितलं असतं. ओट्याखाली गुलाबांचं एप्सम सॉल्ट आहे. पाच लिटरला एक चमचा."

तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, हे मला ठाऊक नव्हतं. ती सातवी शिकलेली.

बादली घेऊन वर गेलो. नऊ नंबरसमोर उभा राहिलो. मग सगळं पाणी गुलाबांना घातलं.

खाली येऊन म्हटलं, दिलं.

२४ सप्टें.

नवरात्र. गल्लीत गरब्याचा मांडव. मं.ला आवाजाचा त्रास होतो पण खिडकी लावू देत नाही.

काल परत एप्सम द्यायला सांगितलं होतं. परत गुलाबांना. डबा संपला.

नऊ नंबर खराब होतंय. खालची पानं गळाली, मधल्यांच्या कडा तपकिरी. पाणी मात्र रोज घालतो, वाळून गेलं तर तिला कळेल म्हणून. आपोआप मरेल, मला काही करावं लागणार नाही. असं चाललंय डोक्यात. खरं ते लिहितो.

तिला सांगितलं, पिवळेपणा वाढला. म्हणाली, "एवढ्यात थांबायला पाहिजे होता." बराच वेळ छताकडे बघत होती. "माझंच चुकलं असेल. केमोनंतर डोकं चालत नाही पहिल्यासारखं."

मी पेपर वाचत बसलो. काय वाचलं ते आठवत नाही.

२८ सप्टें., रविवार

वाईट दिवस. सकाळी सहापासून. पलंगाची दांडी धरून होती, बोटं पांढरी पडली. गोळी दिली, उलटी. अर्ध्या तासाने अर्धी दिली, तीही उलटली. दुखायला लागलं की ती अहिराणीवर येते. "सहन होत नही आते." दुपारपर्यंत एवढंच.

बडोद्याहून पल्लवीचा फोन. लेकीला म्हटलं, आई झोपलीय, बरी आहे.

किती खोटं बोलतोय मी हल्ली. सगळ्यांशी.

२९ सप्टें.

सांगून टाकलं. शाळेतून आल्यावर, चप्पल काढायच्या आधी. दोन्ही वेळचं एप्सम गुलाबांना घातलं म्हणून.

मग म्हणाली, "मग गुलाब चांगले झाले असतील."

मी हो म्हटलं. खरंच झालेत.

"तुम्ही घाबरलात त्याचं काही नाही. मीही घाबरते. पण आठ दिवस मी मलाच वेडी समजत होते. हे नव्हतं करायचं."

भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही. मीही नाही.

३० सप्टें.

सकाळी तिनेच हाक मारली. "फोटो काढून आणा. जवळून. आणि ड्रमची कड दिसू द्या."

फोटो काढले, दाखवले, लगेच पुसले. तिने मोठे करून बघितले. चष्मा लावून, उठून बसून. कडेला पांढरा थर, मिठासारखा. पानांची टोकं जळलेली.

"पाणी कुठलं घालताय?"

टाकीचं. बोअरचं.

"तुम्हले काय समजस त्यामा," म्हणाली, पण रागाने नाही. "बोअरचं पाणी खारं. मी शिवरात्रीपासून खालून नळाचं नेत होते. मातीत खार साठला की मुळांना काही घेताच येत नाही. आता वरून काहीही टाकलं तरी जळेल."

एवढे महिने ती पाणी उचलून नेत होती आणि मी घरातच होतो.

आधी माती धुवायची. तापीचं पाणी नळाला सकाळी तासभर येतं. बावीस पायऱ्या, एका वेळी एक बादली. ड्रमच्या खालून वाहेपर्यंत. सहा बादल्या. खालून आलेलं पाणी चहासारखं होतं. तीन दिवस थांबायचं, मग परत सहा, मग एप्सम.

शाळेला उशीर. हेडसरांना म्हटलं, घरी पाण्याचा प्रॉब्लेम.

४ ऑक्टोबर, शनिवार

काल दुसऱ्यांदा धुतलं. गुडघे.

आज एप्सम आणायला पर्वत पाटियाच्या नर्सरीत. नर्सरीवाल्याने विचारलं, "कौन सा प्लांट है अंकल? पत्ता कैसा हो रहा है?"

"टमाटर."

"फोटो है?"

फोनकडे हात गेला आणि घाम फुटला. नाही म्हटलं. तो म्हणाला, टोमॅटोला फुलं आली का, कधी लावला? मी पाकीट घेऊन निघालो. सुट्टे राहिले. त्याने मागून हाक मारली, थांबलो नाही.

घरी सांगितलं तर मं. हसली. हसताना पाठीत कळ आली, तरी हसत होती.

एप्सम दिलं. नऊ नंबरलाच.

७ ऑक्टो., मंगळवार

चंदी पडवो, कोजागिरीचा दुसरा दिवस. विसरलोच होतो. दरवर्षी आमच्या आणि हंसाबेनच्या घरची मंडळी दोन्ही गच्च्यांवर चांदण्यात घारी, ती तुपात घोळलेली माव्याची मिठाई, खायला बसतात, मध्ये कमरेएवढी भिंत फक्त. नाही म्हणायला कारण काय देणार?

चार वाजता नऊ नंबरवर जुनी चादर टाकली, वरून दोरी. भुतासारखं दिसायला लागलं. चादर काढली, टाकीला मोडकी खाट टेकवून ठेवली आणि तिच्यावर ओले कपडे वाळत घातले. पण वासाचं काय? फुलांचा वास आता जोरात येतो.

आठला सगळे वर. मं. खाली एकटी. मी घारी चघळत बसलो. तूप तोंडात फिरत होतं.

हंसाबेन हात धुवायला टाकीच्या नळाकडे गेल्या. नळ बंद झाल्यावरही त्या लगेच आल्या नाहीत. मग परत येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "साहेब, मंगलबेनने ऊंघ आवे छे के नहीं?" झोप लागते का.

"नाही," म्हटलं.

"हं."

एवढंच. एका ताटलीत दोन घाऱ्या झाकून मं.साठी दिल्या. त्यांनी बघितलं की नाही बघितलं? मं. म्हणते, बघितलंच असेल. मग गप्प का राहिल्या? "विचारा जाऊन," मं. म्हणाली. मी कसा विचारणार.

१० ऑक्टो.

शेंड्याची पानं हिरवी. नवीन दोन जोड्या आल्यात त्यांच्यावर डाग नाही. खालची तशीच आहेत, मं. म्हणाली ती आता तशीच राहणार, ती बघू नका. फुलं घट्ट होत चाललीत.

खाली येऊन सांगताना माझाच आवाज चढला. दोन मिनिटं आम्ही दोघं असे बोलत होतो जसं काही... नंतर लाज वाटली. कशाचा आनंद करतोय मी.

"अजून किती दिवस?" विचारलं.

"पांढरे केस तांबूस होऊ द्या. तीन आठवडे."

१३ ऑक्टो., सोमवार

रजा टाकून सरकारी दवाखान्यात, दुखण्याच्या ओपीडीला. कॅन्सरवाल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती दोन महिन्यांपूर्वी, मीच टाळत होतो. तिथे गेलं म्हणजे बरं होणार नाही हे कबूल केल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरबाई तरुण. नीट ऐकून घेतलं. मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या, उलटीची वेगळी, पोट साफ होण्याची वेगळी. मग म्हणाल्या, "और कुछ लेते हो? देसी, आयुर्वेदिक, कुछ भी?"

मी म्हटलं, नहीं.

मं. म्हणाली, "अभी तक नहीं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मैं पुलिस नहीं हूँ. लेकिन इसके साथ कुछ भी लेना हो तो पहले मुझे बताना. नींद ज़्यादा चढ़ी तो साँस का ख़तरा है."

रिक्षात मं. माझ्या खांद्याला टेकून होती. माझ्या डोक्यात एकच. दोन महिने ती चिठ्ठी माझ्या पाकिटात होती.

१५ ऑक्टो., बुधवार

गोळ्यांनी फरक आहे. चार तास बरे जातात. आज दारात खुर्ची टाकून बसली, समोरच्यांची दिवाळीची साफसफाई बघत. पण खाणं नाही. दोन घास, बस. अंगावर काही राहिलं नाही.

हंसाबेन आल्या. उद्या सकाळी आठला रंगाऱ्याची माणसं येणार, दोन्ही गच्च्यांच्या भिंती आणि टाक्या एकदमच रंगवून घेऊ, तुमचा खर्च नंतर बघू. निघताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "टाकीनी पाछळ पण." मागची बाजूसुद्धा.

म्हणजे सावध केलं? की नुसतंच सांगितलं?

त्या गेल्यावर मं. म्हणाली, "मला वर न्या."

नको म्हटलं. ऐकलं नाही. गोळीनंतर अर्ध्या तासाने निघालो. बसून बसून, एक एक पायरी, मी मागून हात लावून. बावीस पायऱ्यांना पाऊण तास लागला. वर गेल्यावर डोळे मिटून भिंतीला टेकली, ओठ निळसर. घाबरलो.

मग डोळे उघडून ड्रमकडे सरकली. एक पान दोन बोटांत धरून उलटं केलं. दुसरं. खालचं वाळलेलं तोडून टाकलं. वीस मिनिटं तरी बघत होती.

मी ड्रम हलवून बघितला. जागचा हलत नाही. दोघं तिघं लागतील, आणि खाली नेऊन ठेवणार कुठे, पलंगाशेजारी? आत्ताच कापलं तर फुलं कच्ची, उपयोग होईल की नाही तिलाही खात्री नाही. आणि गोळ्या चालल्यात तर हे हवंच कशाला, असं मी म्हटलं.

"गोळीने दुखणं थांबतं," ती म्हणाली. "भूक नाही लागत. त्या दिवशी शिवरात्रीला मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या."

"डॉक्टरांना विचारून..."

"विचारू. पण झाड उद्या आठला जाणार, डॉक्टर सोमवारी भेटणार."

कात्री खिशात होती माझ्या. तिला दिसली असावी.

"काढायचं असेल तर माझ्यासमोर काढा. नाहीतर माणसांना थांबवा. मधलं काही करू नका आता."

माणसांना थांबवायचं म्हणजे हंसाबेनना सांगायचं. खरं काय ते.

उतरताना जास्त वेळ लागला.

१६ ऑक्टो., गुरुवार, सकाळ

पावणेसात. मं. झोपलीय. श्वास दोनदा मोजला, ठीक आहे.

नळाचं पाणी आलंय. बादली लावली नाही अजून. वर कापायचंच असेल तर पाणी कशाला, आणि नसेल तर...

हंसाबेन ओटा धुतायत. त्यांना सांगितलं तर दोन गोष्टी होऊ शकतात, सांभाळून घेतील किंवा बोभाटा होईल. दुसरी झाली तर शाळा, पेन्शन, सगळं. पहिली झाली तर त्या आणि मी यापुढे रोज एकमेकांना तोंड कसं दाखवणार, तेही माहीत नाही.

सात. चप्पल घातली आहे. काय वाक्य बोलायचं तेवढं ठरत नाही. मराठीत सुरू करतो आणि गुजरातीत अडकतो.

मंगलने हाक मारली आतून. पाणी हवंय म्हणाली. दिलं. माझ्या पायातली चप्पल बघितली तिने, घरात.

पेला माझ्या हातात परत दिला.

जातो.