दोन बरण्यांचं विरजण

४ मार्च
मात्सोनी, आमचं जॉर्जियन दही, लागलं नाही. बरणीत नुसतं पातळ आंबूस पाणी. युद्धात सुखुमी शहर सोडताना कोटाखाली धरून आणलेलं आईचं विरजण — तीस वर्षांत असं कधी झालं नाही.

नातियाने, सुनेने, सांगून टाकलं. विरजण कमी वाटलं म्हणून शेजारच्या सिउरीकडून चमचाभर आणून घातलं. "दह्यात दहीच घातलं ना, आई? बिघडतं काय?"

बिघडतं. आई विरजण घराबाहेर देत नसे, बाहेरचं आत घेत नसे. शेवटच्या आजारपणात तिने दोन बरण्या लावल्या. एक मला, एक माझ्या बहिणीला, गुलिकोला. गुलिको नवऱ्यापायी तिकडेच, सुखुमीत राहिली. मी इकडे तिबिलिसीत.

५ मार्च
प्रयोगशाळेत माझ्या जुन्या विद्यार्थ्याकडे, झुराबकडे बरणी नेली. विषाणूच निघाला, दह्याचे जिवाणू मारणारा. मी ओतून द्यायला निघाले होते. "मॅडम, सगळे कधीच मरत नाहीत, हे आम्हाला कोणी शिकवलं?"

मीच. ताज्या दुधात त्यातलंच पुन्हा लावलं.

९ मार्च
आमच्या कॉलेजात एवढंच माहीत होतं की जिवाणूकडे परका डीएनए कापणारी कात्री असते. त्याला आठवणही असते, हे नंतर कळलं. विषाणू आपला डीएनए आत टोचतो. एखादा जिवाणू त्याचा तुकडा काढून स्वतःच्या डीएनएत, एका रांगेच्या डोक्याशी बसवतो. मग त्या तुकड्याच्या नकला, कापणाऱ्या प्रथिनासोबत, पहाऱ्यावर. तोच विषाणू पुन्हा आला की जुळवायचा, कापायचा. रांग पुढच्या पिढ्यांना जाते. जुने तुकडे शेपटाला.

म्हणजे शेपटाला आईचं स्वयंपाकघर. गुलिकोच्या बरणीतही तेच असणार. तिचा फोन शरद ऋतूपासून बंद आहे. आम्ही निर्वासित म्हणून राहायचो ते हॉटेल पाडलं, नवा पत्ता तिला कळवता आला नाही.

१० मार्च
फोन लावला. बंद.

१४ मार्च
लागलं! सैलसर, पण लागलं. झुराबने तपासलं: वाचलेल्या जिवाणूंच्या रांगेत डोक्याशी नवा तुकडा, मागचं सगळं जागच्या जागी. नातिया वाटी चाटत म्हणाली, "आता तरी राग सोडा." म्हटलं, बघू.

विषाणू कुठून आला ते झुराबला पाहायचंय. सिउरीकडे तिची बरणी मागितली. "आता माझ्या दह्याची चौकशी? पोलीसच बोलवा ना!" दिली मात्र. या इमारतीत आल्यापासून मी तिला नावापलीकडे काही सांगितलेलं नाही. बरंच आहे.

२० मार्च
झुराबचा फोन. विषाणू सिउरीच्याच दह्यातला. तिचे जिवाणू त्याला ओळखतात, म्हणून टिकले. रांगेच्या डोक्याकडचे तुकडे माझ्याहून वेगळे.

शेपूट माझंच. तुकड्याला तुकडा जुळतो.

सिउरी लेकीकडे गेलीय. उद्या येईल.

२१ मार्च
सिउरी परतली. "विरजण? देझेर्तिर बाजारातलं. फाटकापाशी एक म्हातारी बसते, हिवाळ्यात आली. लमारा, अगदी तुमच्यासारखीच खडूस. भाव सांगायच्या आधी विचारते — ते निर्वासितांचं हॉटेल पाडलं, तिथली माणसं कुठे गेली? मला काय माहीत!"

कोट घातला.